माथेरानची 'राणी' संगणकात चढवताना

रोडपालीतील उंच इमारतींच्या पूर्वेकडील खिडक्यांतून, पावसाळा ओसरल्यानंतरच्या स्वच्छ हवेत, प्रबळगडाच्या पलीकडे माथेरानचा लांबट, सपाट माथा दिसतो. मात्र पनवेलकरांना दिसते ती या डोंगराची पाठ. 'माथेरानची राणी' म्हणून ओळखली जाणारी छोटी गाडी चढते ती पलीकडच्या, नेरळच्या अंगाने. रोडपालीच्या जवळून, कळंबोलीमार्गे जाणाऱ्या दिवा-पनवेल ब्रॉडगेज मार्गाच्या दोन रुळांमधील अंतर १,६७६ मिलिमीटर आहे, तर नेरळ-माथेरान मार्गाचे केवळ ६१० मिलिमीटर, म्हणजे २ फूट. या दोन आकड्यांतील तफावत प्रवाशाला डब्याच्या रुंदीत जाणवते. हाच मार्ग संगणकावरील ट्रेन सिम्युलेटरमध्ये उतरवू पाहणाऱ्याला ती पदोपदी अडवते.

ट्रेन सिम्युलेटर म्हणजे आगगाडी चालविण्याचा अनुभव देणारी संगणकप्रणाली. तिच्यात रूळ, भूप्रदेश, स्थानके, झाडे आणि इंजिने यांच्या त्रिमितीय प्रतिकृती असतात. त्याखेरीज, इंजिनाने किती जोर लावला, चढाने किती मागे ओढले, ब्रेक किती लागला, याचा हिशेब ती क्षणोक्षणी करीत असते. पहिला भाग दिसतो आणि दुसरा दिसत नाही. घाटातल्या रेल्वेचे खरेपण मात्र बव्हंशी दुसऱ्या भागात असते.

२००१ मध्ये मायक्रोसॉफ्टने 'ट्रेन सिम्युलेटर' बाजारात आणले, तेव्हा त्यात सहा मार्ग होते. त्यांत अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रिया आणि जपान येथील रेल्वे होत्या, भारतातील एकही नव्हती. पण त्या प्रणालीसोबत नवे मार्ग तयार करण्याची साधने दिलेली होती आणि तिच्या दीर्घायुष्याचे खरे कारण तेच ठरले. कंपनीने पुढील आवृत्तीचे काम २००९ मध्ये गुंडाळले. त्याच सुमारास हौशी मंडळींनी 'ओपन रेल्स' ही मुक्त प्रणाली हाती घेतली. तिची १.० आवृत्ती २०१५ मध्ये आली. जुन्या सिम्युलेटरसाठी बनविलेले मार्ग ती वाचते आणि गाडीच्या हालचालीचे गणित मात्र अधिक काटेकोरपणे मांडते. ऑस्ट्रेलियात जन्मलेले 'ट्रेन्झ' आणि 'रेल सिम्युलेटर'पासून सुरू झालेली ब्रिटिश मालिका हे आणखी दोन प्रवाह आहेत. घाटातील नॅरोगेज मार्ग यांपैकी कशातही बसवायचा म्हटला, तरी अडचणी सारख्याच असतात.

जर्मन रक्ताची गाडी

जर्मनीतील डोंगरी नॅरोगेज रेल्वे हा जगभरच्या सिम्युलेटर-शौकिनांचा आवडता विषय आहे. हार्झ पर्वतातील सुमारे १४० किलोमीटरच्या मीटरगेज जाळ्यातील ब्रॉकन मार्ग हे त्याचे ठळक उदाहरण. हा मार्ग १,१२५ मीटर उंचीवरील स्थानकापर्यंत चढतो आणि आजही तेथे वाफेची इंजिने नेमाने धावतात. फाळणीच्या काळात, १९६१ नंतर, ब्रॉकनचा माथा सामान्य प्रवाशांना बंद होता. जर्मनीच्या एकीकरणानंतर १९९१ मध्ये तेथे पुन्हा गाडी पोहोचली.

माथेरानशी या मार्गाचे नाते दूरचे असले, तरी ओढूनताणून जोडलेले नाही. सर आदमजी पीरभॉय यांनी पुरविलेल्या भांडवलावर त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी १९०४ ते १९०७ या काळात, सुमारे १६ लाख रुपये खर्चून, नेरळ-माथेरान मार्ग बांधला. त्यासाठी वाफेची इंजिने आली ती बर्लिनच्या ओरेनस्टाइन आणि कॉपेल या कंपनीकडून. या कंपनीचा इंजिन कारखाना पॉट्सडॅमजवळ ड्रेव्हिट्झ येथे होता. दुसऱ्या महायुद्धानंतर पूर्व जर्मनीच्या सरकारने तो ताब्यात घेतला आणि 'कार्ल मार्क्स' या नावाने चालविला. ब्रॉकनवर आज धावणारी मोठी वाफेची इंजिने १९५४ ते १९५६ या काळात याच कारखान्यातून बाहेर पडली. माथेरानला वाफेच्या जागी डिझेल आले, तेव्हाही पहिली इंजिने आर्नोल्ड युंग या जर्मन कारखान्याचीच होती. नेरळच्या रुळांवर इतकी वर्षे जर्मन यंत्रे राबली, हे अनेक नियमित प्रवाशांनाही ठाऊक नसते.

त्यामुळे जर्मन घाटगाड्यांसाठी सिम्युलेटरच्या जगात जे ज्ञान जमा झाले आहे, त्यातील बरेचसे माथेरानला उपयोगी पडते. सगळे मात्र पडत नाही. ब्रॉकन मार्गावरील तीव्रतम चढ सुमारे ३० मीटरला १ मीटर आहे, तर माथेरानचा २० मीटरला १ मीटर. जर्मन मार्गावर इंजिनांचे आवाज, धुराचा रंग आणि चालकाच्या हालचाली आजही टिपता येतात. माथेरानची मूळ जर्मन इंजिने निवृत्त होऊन चार दशके लोटली. नवी दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात त्यांतील एक पाहता येते, पण संग्रहालयातले इंजिन बोलत नाही.

वळण कापले की चढ वाढतो

मार्गबांधणीची सुरुवात जमिनीपासून होते. फेब्रुवारी २००० मध्ये 'एन्डेव्हर' या अवकाशयानाने ११ दिवसांत पृथ्वीच्या बहुतांश भूभागाचे रडारने मोजमाप केले. तेव्हापासून हौशी मार्गनिर्मात्यांचा मुख्य आधार हीच माहिती राहिली आहे. भारतासाठी ती प्रारंभी सुमारे ९० मीटरच्या चौकटीत उपलब्ध होती, पुढे २०१४-१५ च्या सुमारास ३० मीटरची मिळू लागली. मुंबई-पुणे मार्गासारख्या रुंद वळणांच्या रेल्वेला एवढ्यावर काम भागते. माथेरानला भागत नाही.

समजा, घाटातील एका नालाकृती वळणाची त्रिज्या २० मीटर आहे. त्याचे अर्धवर्तुळ सुमारे ६३ मीटर लांबीचे होईल आणि २० मीटरला १ मीटर या चढाने गाडी तेवढ्या अंतरात जेमतेम ३ मीटर वर येईल. वळणाच्या दोन बाहूंमध्ये ४० मीटर अंतर असेल. हे सारे वळण ९० मीटरच्या एकाच चौकटीत मावते. म्हणजे उपग्रही नकाशाच्या दृष्टीने तेथे वळणही नाही आणि कडाही नाही. आहे तो एक सरळ उतार. भरीस भर म्हणजे, दाट झाडीच्या जागी रडार जमिनीची नव्हे तर बऱ्याच अंशी झाडांच्या शेंड्यांची उंची मोजते, आणि माथेरानचा माथा तर झाडीनेच झाकलेला आहे.

मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये आणि म्हणून 'ओपन रेल्स'मध्येही, जमिनीच्या जाळीचे दोन बिंदू ८ मीटर अंतरावर असतात. डोंगराच्या कुशीत खोदलेला, गाडीपुरता अरुंद रुळमार्ग अशा जाळीतून कोरता येत नाही. बिंदू खाली ओढला तर वरचा कडा ढासळतो, वर उचलला तर रूळ मातीत गाडले जातात. यावर अनुभवी मंडळी कडा, संरक्षक भिंत आणि भराव यांच्या स्वतंत्र प्रतिकृती बनवून जमिनीवर बसवितात. काम कंटाळवाणे आहे, पण त्याला पर्याय नाही.

यानंतरची चूक दिसायला किरकोळ असते आणि तीच सर्वांत महाग पडते. मार्गाची आखणी बहुधा उपग्रह छायाचित्रावर रेषा ओढून केली जाते. झाडीखाली रूळ दिसत नाहीत, तेथे निर्माता अंदाजाने रेषा पुढे नेतो आणि अंदाज नेहमी सरळ जाण्याकडे झुकतो. झाडीखालून चालत जाऊन जीपीएसने नोंद घेतली, तरी तिच्यातील काही मीटरची चूक अशा लहान वळणांना पुसट करते. असे करीत सुमारे २० किलोमीटरचा मार्ग पडद्यावर १९ किलोमीटरचा होऊ शकतो. नेरळ आणि माथेरान यांच्या उंचीतील सुमारे साडेसातशे मीटरचा फरक मात्र तसाच राहतो. सरासरी चढ २७ मीटरला १ मीटर होता, तो २५ मीटरला १ मीटर होतो. जेथे चढ आधीच तीव्र होता, तेथे तो असह्य होतो. मग खऱ्या वजनाची गाडी खऱ्या ताकदीच्या इंजिनाला ओढवत नाही. निर्माता इंजिनाची अश्वशक्ती थोडी वाढवतो. इंजिन आता चढते, पण सपाटीवर भरधाव सुटते, म्हणून ब्रेकही वाढविला जातो. एका कापलेल्या वळणापायी शेवटी पूर्ण गाडी खोटी ठरते. यावर उपाय एकच आहे. रूळ टाकून झाल्यावर, झाडे लावण्यापूर्वी, प्रत्येक दोन स्थानकांमधील लांबी रेल्वेच्या किलोमीटर-नोंदीशी ताडून पाहावी आणि कमी भरली तर वळणे शोधावीत.

पोकळ आसाचे कोडे

माथेरानच्या जर्मन इंजिनाला सहा चाके होती आणि सहाही चाकांना जोर मिळत असे. घाटात हे आवश्यक होते, कारण जोर न लावणाऱ्या चाकांवर पडलेले वजन चढावर वाया जाते. पण एकाच चौकटीत घट्ट बसविलेले तीन आस इतक्या लहान वळणावर अडकतील किंवा रूळ सोडतील. सॅक्सनीच्या रेल्वेतील क्लीन आणि लिंडनर या अभियंत्यांनी काढलेला तोडगा येथे वापरला गेला. पहिल्या आणि शेवटच्या जोडीची चाके एका पोकळ, नळीसारख्या आसावर बसविलेली असतात. त्या नळीच्या आतून एक भरीव आस जातो. बाहेरच्या दांड्या फिरवितात तो हा भरीव आस. दोहोंना मध्यभागी एक गोल सांधा जोडतो. आतला आस आपल्या जागी सरळ फिरत राहतो आणि बाहेरचा पोकळ आस वळणाप्रमाणे किंचित तिरका होतो, बाजूला सरकतो. जोर मिळतो आणि वळणही घेता येते.

सिम्युलेटरमध्ये हे दाखविणे हा सजावटीचा भाग आहे. चाके चौकटीच्या आत असल्याने बाहेरून फारसे काही दिसतही नाही. परिणाम होतो तो गणितात. जुन्या सिम्युलेटरमध्ये रुळांची रुंदी केवळ चित्रापुरती होती. गाडी मध्यरेषेवरून धावे, मग रूळ ६१० मिलिमीटरवर काढलेले असोत वा १,४३५ वर. 'ओपन रेल्स'ने ही स्थिती बदलली. गाडीच्या वर्णनात रुळांची रुंदी आणि ताठ आसांमधील अंतर नोंदविता येते आणि त्यावरून वळणावरील अडथळा मोजला जातो. अनेक जण येथे पहिल्या आणि तिसऱ्या आसातील पूर्ण अंतर लिहून मोकळे होतात. मोजपट्टीच्या दृष्टीने ते बरोबर असले, तरी यंत्राच्या दृष्टीने चूक आहे. टोकाचे दोन्ही आस हलते असल्याने ताठ असा मधला एकच आस उरतो. पूर्ण अंतर लिहिले की प्रत्येक वळणावर इंजिन घुसमटते आणि ज्या गुणासाठी ते निवडले गेले, नेमका तोच नाहीसा होतो.

चाकांच्या पकडीचा हिशेबही असाच बोलका आहे. २० मीटरला १ मीटर चढावर गुरुत्वाकर्षण दर टनाला ५० किलो जोराने गाडी मागे खेचते. घर्षण आणि वळण यांचे मिळून आणखी १५ किलो धरू. कोरड्या रुळांवर इंजिन आपल्या वजनाच्या साधारण एक चतुर्थांश जोर चाके न घसरता लावू शकते. या हिशेबाने ते स्वतःच्या वजनाच्या पावणेतीन पटींपेक्षा थोडेच अधिक ओझे ओढेल. रुळांवर ओलावा आणि पालापाचोळा असला, तर पकड निम्म्यावर येते आणि इंजिनाला स्वतःच्या वजनाइतकेही ओझे ओढवत नाही. छोटी गाडी, थोडे डबे आणि चाकांपुढे टाकायची वाळू यांचे कारण या आकडेमोडीत आहे. पडद्यावर आठ-दहा डब्यांची माथेरान गाडी आरामात चढताना दिसली, तर पकडीचा आकडा कोणी तरी फुगविला आहे, असे खुशाल समजावे.

पावसाचे दृश्य हा आणखी एक मोह. धुके, धबधबे आणि वाफेचे इंजिन यांचा मेळ चित्रात सुरेख दिसतो. प्रत्यक्षात नेरळहून वर येणारी सेवा पावसाळ्यात साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद ठेवली जाते. हौस म्हणून पाऊस पाडायला हरकत नाही, पण त्याला माथेरानचे वेळापत्रक म्हणता येणार नाही.

उतरणीवरची माणसे

चढण्याची कथा इंजिनाची असली, तर उतरण्याची ब्रेकवाल्यांची होती. या गाडीवर दीर्घकाळ डब्यांच्या टोकाशी बसलेली माणसे हाताने ब्रेक आवळीत आणि सोडीत, चालकाच्या शिट्टीच्या इशाऱ्यावर. हवेच्या दाबाचे ब्रेक आले ते २०१६ नंतरच्या सुधारणांत. सिम्युलेटर मुळात एका चालकाच्या कल्पनेवर उभे आहे. एक दांडा ओढला की सर्व डब्यांना सारखा ब्रेक लागतो. 'ओपन रेल्स'मध्ये प्रत्येक डब्याचा हातब्रेक स्वतंत्रपणे लावता येतो, परंतु शिट्टी ऐकून तो कमी-जास्त करणारा, वळण पाठ असलेला माणूस तेथे नाही. काही निर्माते सर्व हातब्रेक मिळून एक संथ, उशिरा लागणारा ब्रेक कल्पितात. त्यातल्या त्यात ही तडजोड बरी, कारण शिट्टी आणि पकड यांमधील तो क्षण तरी तिच्यात उरतो.

ही माणसे कोणत्या वळणावर किती आवळत, शिट्टीचे कोणते संकेत होते, ओल्या सकाळी चालक वाळू कोठे टाकीत, हे कोणत्याही नकाशात नाही. ते निवृत्त कर्मचाऱ्यांच्या आठवणीत आहे. वाफेच्या काळातील कर्मचारी आता फार वृद्ध झाले आहेत. उपग्रहाचे छायाचित्र दहा वर्षांनीही मिळेल. म्हणून मार्ग उभारणाऱ्याने संगणक उघडण्याआधी नेरळ गाठणे अधिक शहाणपणाचे.

कोणत्या वर्षीचे माथेरान उभारायचे, हा निर्णयही आरंभीच करावा लागतो, कारण हा मार्ग एकसारखा राहिलेला नाही. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत तो ठिकठिकाणी वाहून गेला आणि २००७ मध्ये, शताब्दीच्या वर्षी, पुन्हा सुरू झाला. मे २०१६ मध्ये डबे घसरण्याच्या घटनांनंतर सेवा थांबली. ऑक्टोबर २०१७ मध्ये अमन लॉज ते माथेरान आणि जानेवारी २०१८ मध्ये संपूर्ण मार्गावर गाडी धावू लागली. २०१९ च्या पावसाने नेरळ-अमन लॉज भाग पुन्हा बंद पडला, तो ऑक्टोबर २०२२ मध्ये उघडला. प्रत्येक दुरुस्तीत कठडे, भिंती आणि रुळांखालचे बांधकाम बदलत गेले. १९६० च्या दशकातील वाफेच्या गाडीमागे आजच्या संरक्षक भिंती दिसल्या, तर जाणकाराचा रसभंग होतो.

देखाव्याबाबत थोडक्यात सांगायचे तर, युरोपीय सिम्युलेटरसोबत येणारे सूचिपर्णी वृक्ष येथे निरुपयोगी आहेत. जांभूळ, हिरडा आणि अंजन यांच्या प्रतिकृती स्वतंत्र बनवाव्या लागतात. माथ्यावरची जांभ्याची तांबडी माती आणि उतारावरचा काळा कातळ यांचा फरक रंगात उतरला पाहिजे. जुम्मापट्टी आणि वॉटर पाइप ही वाटेवरची स्थानके लहान आहेत, परंतु वाफेच्या काळात इंजिनाला पाणी कोठे मिळे, यावर प्रवासाचा वेळ ठरत असे. म्हणून पाण्याची जागा नेमकी हवी. मार्गावरचा एकुलता बोगदा इतका आखूड आहे, की प्रवाशांनी त्याचे नाव 'वन किस' ठेवले. सिम्युलेटरच्या तयार बोगद्यांच्या तुकड्यांत तेवढा आखूड तुकडा सहसा नसतो, तोही हाताने घडवावा लागतो.

एवढे सगळे एका दमात करायला निघालेल्यांचे मार्ग बहुधा अर्धवट राहतात. त्यापेक्षा अमन लॉज ते माथेरान हा सुमारे तीन किलोमीटरचा तुकडा आधी हाती घ्यावा. दोनच स्थानके आहेत, रुळांच्या कडेने पायी जाता येते, वळणे मोजता येतात आणि छायाचित्रे हवी तितकी काढता येतात. पावसाळ्यात खालचा मार्ग बंद असताना या टप्प्यात मात्र शक्यतो गाडी चालू ठेवली जाते, त्यामुळे पडद्यावर पाऊस पाडायचा असेल तर तोही येथे खरा ठरतो. या तुकड्याची लांबी, चढ आणि लागणारा वेळ प्रत्यक्षाशी जुळला, की त्याच मापांनी खाली वॉटर पाइपकडे सरकावे.